दोन मिलिमीटरची रेघ

"नाय गो, सांगितलं मी त्यांना. पण मानत नाय कोण."

ट्रकच्या पलीकडून ड्रायव्हरकाकांचा आवाज आला. ते फोनवर बायकोशी बोलत होते. मी इंजिनाखाली पुठ्ठ्यावर पाठ टेकून पडले होते, हातात ऑइल प्रेशरचं गेज. मी तिथे आहे हे त्यांना कळायचं काही कारण नव्हतं. चाकांच्या मधून त्यांच्या चपला दिसत होत्या. एक चप्पल ते पायातून सारखी काढत होते आणि पुन्हा घालत होते.

"अगो, कामावरनं काढतील कशाला? शेठ रागात हायत म्हणून बोलतात तसं. तू जेवून घे. मुंबईला पोराला काय कळवू नको इतक्यात."

मी खोकायला हवं होतं. निदान पाना तरी वाजवायचा. पण मी श्वास रोखून ऐकत राहिले, आणि फोन खिशात टाकून काका पुन्हा तीच चप्पल काढायला-घालायला लागले, तेही पाहत राहिले.

त्या सकाळी तो ट्रक दुसऱ्या ट्रकला बांधून आंबेनळी घाटातून महाडला, आमच्या गॅरेजात ओढून आणला होता. खताची पोती भरून वाईकडे निघालेला. चढावर डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा लागला, मग टर्बोनं शिट्टीसारखा आवाज काढला, मागून निळा धूर. काकांनी चाकांना दगड लावले आणि मालकाला, म्हणजे शेठना, फोन केला. बाबांनी टर्बोचा पाइप काढून आतला दांडा बोटांनी हलवून पाहिला. एरवी जो केसभरही हलू नये तो लटलट हलत होता.

टर्बो हे इंजिनातलं सगळ्यात वेगानं फिरणारं चाक. तेल तुटलं की सगळ्यांत आधी तेच जातं. म्हणून पोलादपूरहून आलेल्या शेठनी तो दांडा हलताना पाहिला आणि निकाल देऊन टाकला.

"दिवा लागला तरी हाणत गेला हा. वर पोचून चहा प्यायचा होता."

"नाय शेठ," काका म्हणाले. "दिवा लागला तशी बंद केली मी. वळणावर होतो, मागनं येस्टी येत होती. धा मिनटं थांबलो, परत चालू केली तर दिवा नव्हता. म्हटलं वळणातून बाहेर तरी काढू. दोन वळणं गेलो, परत लागला. परत बंद केली."

"म्हणजे दिवा तुझ्या सोयीनं लागतो आणि तुझ्या सोयीनं जातो!" शेठ हसले. बाहेर चहा पीत उभे असलेले दोन ड्रायव्हरही हसले. काका त्यांच्यात सगळ्यात मोठे, पन्नाशीचे, मूळचे कुडपण गावचे, आता पोलादपूरला राहणारे. वीस-बावीस वर्षं याच शेठकडे. ते हसू त्यांनी कसं घेतलं ते मी पाहिलं नाही, कारण त्या वेळी मी खाली बघत होते.

खाली बघायचं कारण मला तेव्हाच होतं.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. बाबांनी हट्टानं घातलं होतं. त्याचा परिणाम असा झाला की शाळेत मला माझ्या घरच्या बोलण्याची लाज वाटायची आणि गॅरेजात शाळेतल्या बोलण्याची, आणि मधल्यामधे मी बोलणंच कमी केलं. "मिस्त्रींची पोरगी इंग्लिश हाय, आपल्याशी नाय बोलायची," असं ड्रायव्हर लोक म्हणायचे, आणि मी ते तसंच राहू दिलं. घाबरट म्हणवून घेण्यापेक्षा शिष्ट म्हणवून घेणं सोपं होतं. मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला, तीन इंटरव्ह्यू दिले, तिन्हीकडे उत्तरं डोक्यात आली आणि तोंडात आली नाहीत. मग बाबांच्या हाताखाली काम करायला लागले. इथे हात चालले की पुरे होतं.

बाबा जुन्या पद्धतीचे. चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाचं तेलाचं पातेलं. ते बसवताना मध्ये घालायचं पॅकिंग बाबा स्वतः कापायचे. कागद चेंबरच्या कडेवर ठेवून गोल डोक्याच्या हातोडीनं हलके ठोके देत जायचे, कडेच्या बरोबर आकाराचं पॅकिंग सुटून हातात यायचं. मी तासन्‌तास ते बघितलं आहे. पण या ट्रकला पॅकिंगच नाही. त्याला ट्यूबमधलं लाल सिलिकॉन लावायचं असतं. तीन महिन्यांपूर्वी हेच चेंबर उतरवलं होतं, तेव्हा बाबांनी ट्यूब माझ्या हातात दिली होती.

"हे तुमच्यातलं. वाच आणि तूच लाव."

मी वाचलं. इंग्रजीत मनाशी आणि मग मराठीत मोठ्यानं. दोन मिलिमीटर जाडीची एकच रेघ. बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूनं फिरवायची. जास्त लावू नये. जास्त झालेलं आत दाबलं जाऊन तेलाच्या वाटेत अडकू शकतं. हे शेवटचं वाक्य मी बाबांना वाचून दाखवलं नाही. का, ते तेव्हा कळलं नव्हतं. बहुतेक मला तेव्हाच माहीत होतं मी काय करणार ते.

त्याच्या आधीच्या पावसाळ्यात मी बांधलेलं एक चेंबर गळलं होतं. फार नाही, थेंब थेंब. पण तो ट्रक तुडीलच्या रस्त्यावर चहाच्या टपरीपुढे उभा असताना खाली तेलाचा डाग पडला, आणि गोष्ट महाडभर झाली. "इंजिन रडतंय बघ, पोरीनं बांधलंय." आठवडाभर जो येईल तो वाकून इंजिनाखाली बघायचा आणि खिशातला रुमाल काढून मला दाखवायचा. या काकांनीच एकदा त्यांना उत्तर दिलं होतं, "माझ्या घराचं छप्पर गावच्या सगळ्यात मोठ्या गवंड्यानं बांधलंन, तरी गळतंय. त्याला काय तुम्ही पोरगी म्हणता?" सगळे हसले आणि विषय संपला. माझा संपला नाही.

म्हणून या खेपेला बाबा जेवायला गेल्यावर मी एका रेघेवर दुसरी रेघ ओढली. मग कोपऱ्यांवर तिसरी. बोल्ट आवळले तसं सिलिकॉन बाहेर फुगून आलं, ते मी बोटानं पुसून काढलं. बाहेरून इतकं सुबक दिसत होतं की बाबांनी अंगठा फिरवून "वा" म्हटलं. बाहेर जेवढं आलं होतं तेवढंच आतही आलं असणार. आतलं पुसायला बोट जात नाही.

तर त्या दिवशी ट्रक आत घेतल्यापासून बाबा एकेक गोष्ट तपासत होते. तेलाची पट्टी ओढली, तेल पुरेसं होतं. थेंब कागदावर टाकला, त्यात डिझेल मिसळलं नव्हतं. मग दिव्याचा स्विच काढून त्या जागी तेलाचा दाब मोजणारं, लांब नळीचं गेज लावलं, म्हणजे दिवा खोटा की खरा ते कळेल. इंजिन चालू केलं तेव्हा काटा चारवर गेला, म्हणजे दाब पुरेसा. शेठ काही बोलणार तेवढ्यात तो हळूहळू उतरायला लागला. तीन, अडीच, एक. बाबांनी हात वर करून इंजिन बंद करायला लावलं.

"गरम झालं की पडतंय. आतली बेअरिंगं गेली असतील," बाबा म्हणाले. मग मला म्हणाले, "धा मिनटांनी परत चालू करून बघ गो. खालीच राहिलं तर बेअरिंग नक्की." आणि ते शेठना घेऊन ऑफिसात जाऊन बसले.

बाबांना जे विचारायचं होतं ते मला पूर्ण कळलं होतं. झिजलेलं बेअरिंग दहा मिनिटांत बरं होत नाही. इंजिन गरमच असतं, तेल पातळच असतं, काटा खालीच राहणार. पण चेंबरच्या आत पंपाच्या तोंडाशी एक जाळी असते. तिच्यावर काही चिकटलं असेल तर पंप चालू असताना ते ओढलं जाऊन जाळी बंद होते. इंजिन थांबवलं की ओढ सुटते, चिकटलेलं खाली पडतं, आणि पुढच्या वेळी तेल पुन्हा वाहतं, थोडा वेळ. तसं असेल तर काटा परत चारवर जाईल. आणि काका घाटात जे झालं म्हणून सांगत होते, ज्यावर सगळे हसले होते, ते शब्दाला शब्द तेच होतं.

ती दहा मिनिटं मी गेज घेऊन इंजिनाखाली पडून होते, आणि पलीकडे काका फोनवर बोलत होते.

वेळ झाल्यावर मी बाहेर आले. काका मला बघून ओशाळले, डोळे पुसल्यासारखं करून म्हणाले, "काय बाय, मारू का स्टार्टर?" ते वर केबिनमध्ये जाऊन बसले. मी खाली गेजपाशी. दिव्याचा स्विच आम्ही काढलेला, त्यामुळे त्यांना वर काहीच दिसणार नव्हतं. जे दिसणार होतं ते फक्त मला.

इंजिन चालू झालं. काटा चारवर गेला. सरळ, एका दमात. थोडा थरथरून तिथेच उभा राहिला.

"ताई, किती दावतंय?" काकांनी खिडकीतून ओरडून विचारलं.

मी गेज मुठीत धरलं होतं. "तसंच आहे," मी म्हणाले.

त्यांना इंजिनाच्या आवाजात ऐकू गेलं नाही. पुन्हा विचारलं. मला ते पुन्हा, मोठ्यानं सांगावं लागलं. एरवी ज्या मुलीचा आवाज ऑफिसपर्यंत जात नाही, तिचा त्या वेळी गेला. आतून बाबा म्हणाले, "ऐकलंत ना शेठ? बेअरिंग. म्हणजे दिवा मधे गेला नसणार." काकांनी इंजिन बंद केलं.

दुपारी बाबांनी मला फिल्टर कापायला सांगितला. जुना फिल्टर हॅकसॉनं उभा कापायचा, आतला कागद उलगडायचा आणि उन्हात धरून बघायचं. बेअरिंगचा धातू झिजला असेल तर घड्यांमध्ये चमक दिसते. मी बाहेर उन्हात जाऊन बसले. चमक अगदी थोडी होती, टर्बोची असेल. पण चौथ्या की पाचव्या घडीत एक लाल तंतू होता. बोटाच्या पेराएवढा, रबरासारखा, वळवळून अडकलेला.

मी तो नखानं काढला. कुणी बघत नव्हतं. पंजाबी ड्रेसच्या खिशात टाकला आणि कागद बाबांना नेऊन दाखवला.

"चमक आहे थोडी," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं.

शेठ म्हणाले, "मिस्त्री, एकदा चेंबर उतरवून बघा ना. आत काही गेलं असेल."

"उतरवणारच हाय उद्या. पण त्यात काय निघायचं नाय," बाबा म्हणाले. "ते माझ्या पोरीनं बांधलंय. वाचून बांधते ती, आमच्यासारखं अंदाजानं नाय." आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. बाबांनी माझ्याकडे असं फार वेळा बघितलेलं नाही. मी कागदाची घडी घालत राहिले.

रात्री आई म्हणाली, "तोंड का उतरलंय?" मी म्हटलं, "डोकं दुखतंय." तेही खोटं नव्हतं. त्या दोन दिवसांत मी एकूणच फार थोडं खोटं बोलले, मोजून एक वाक्य. बाकी सगळं मी न बोलता केलं.

मी सकाळी उजाडताच गॅरेज उघडलं. बाबा नऊला येतात. माझं गणित असं होतं: तेल काढायचं, चेंबर खाली घ्यायचं, जाळी साफ करायची, चेंबर पुसून ठेवायचं. कडेचं जुनं सिलिकॉन तर खरवडायचं असतंच, कुणाला काय दिसणार? मग बेअरिंगं बघायची. ती चांगली निघाली तर बाबा पंपावर संशय घेतील, पंप बदलतील, प्रेशर येईल. इंजिन बरं होईल. सगळं नीट होईल. या गणितात काका कुठे येतात हे मी बघायचं टाळलं.

बोल्ट सुटले. मी चेंबर छातीवर घेऊन हळूहळू खाली उतरवलं आणि वर टॉर्च मारला.

जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर लाल दोऱ्यांचा गुंता बसला होता, ओल्या लोकरीसारखा. चेंबरच्या तळाशीही तुकडे पडले होते, काही जाड, काही केसासारखे. कोपऱ्यांवरच्या तिसऱ्या रेघेचे कोणते तेही ओळखू येत होते. आत जे काय आहे ते मला कालपासून माहीत होतं. तरी मी टॉर्च दोनदा फिरवून बघितलं. मग हात वर केला आणि एकेक दोरा उपटायला सुरुवात केली. तेलाच्या रिकाम्या डब्यात टाकत गेले.

निम्मी जाळी झाली असेल. बाहेर पावलं वाजली.

"ताई? तूच हाय ना?"

काका होते. पोलादपूरहून पहिल्या एसटीनं आले होते. मी घाईनं डबा डोक्यामागे सरकवला. ते वाकले, चेंबर माझ्या अंगावर आडवं पडलेलं बघून म्हणाले, "एवढं जड एकटीनं उतरवलंस? हाक मारायची कोणाला तरी." आणि त्यांनी दोन्ही हातांनी चेंबर माझ्या अंगावरून उचलून बाजूला घेतलं. आत बघितलंच नाही. चेंबर समोर उघडं असताना ड्रायव्हरनं आत बघू नये हे विचित्रच. पण ते आपली बाजू शोधायला आलेच नव्हते. ते ट्रकची किल्ली द्यायला आले होते. शेठनी आदल्या संध्याकाळी फोन करून तसं सांगितलं होतं.

"घरात झोप नाय लागली," ते म्हणाले. "म्हटलं लवकरच देऊन टाकू. केबिनमधलं देवाचं पण काढून घेतो." ते वर चढले. डॅशबोर्डवरची तसबीर पुसून त्यांनी पिशवीत ठेवली. खाली यायला त्यांना बराच वेळ लागला.

मी त्यांना तेव्हा सांगू शकले असते. आम्ही दोघंच होतो. मी ट्रकखाली पडून होते, उरलेली जाळी डोळ्यांपुढे होती, आणि मी आणखी दोन दोरे काढले. हे लिहितानाही ते दोन दोरे मला जास्त टोचतात. पहिले सगळे काढले तेव्हा समोर कुणी नव्हतं.

नऊला बाबा आले, पाठोपाठ शेठ. काल चहा पिताना हसलेले ते दोन ड्रायव्हरही होते, त्यांची गाडी बाहेर ग्रीसला लागली होती. मी उठून हात पुसत उभी राहिले. डबा माझ्या पायाशी होता, वर चिंधी टाकलेली.

काकांनी किल्ली पुढे केली. शेठनी ती लगेच घेतली नाही. मला वाटतं त्यांनाही ती घ्यायची नव्हती. वीस-बावीस वर्षांनंतर कुणाला असं काढणं सोपं नसतं. त्यांना वाट हवी होती.

"हे बघ," शेठ म्हणाले, "चुका होतात माणसाकडनं. मी काय राक्षस नाय. पण तू खोटं बोललास याचा मला राग हाय. 'दिवा लागला होता, मी बघितला नाय, चालवत गेलो,' एवढं म्हण इथं सगळ्यांसमोर. मग गाडी बरी झाली की परत बस."

बाबा म्हणाले, "बोलून टाक रे. इंजिनानं सांगितलंय, आता तू सांगितलंस म्हणून काय वेगळं होत नाय."

काकांनी आधी बाबांकडे बघितलं, मग त्या दोन ड्रायव्हरांकडे. त्यातल्या एकाला त्यांनीच घाटात गाडी शिकवली होती. त्यानं मान दुसरीकडे वळवली. काकांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"असंल शेठ," ते म्हणाले. आवाज इतका बारीक होता की शेठनी "काय?" केलं. "म्हटलं असंल. लागला असंल दिवा आधी. मलाच दिसला नसंल. मी..."

"काका, नको," मी म्हणाले.

कुणालाच ऐकू गेलं नाही. काका पुढचं वाक्य जुळवत होते आणि सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मी चिंधी बाजूला केली, डबा उचलला आणि शेठच्या समोर धरला. डब्यातलं तेल माझ्या मनगटावर सांडलं.

बाबांनी आधी डब्यात बघितलं. मग माझ्याकडे. त्यांना सगळं कळलं, आणि माझी खात्री आहे की मी तिथे थांबले असते तरी बाकीचं त्यांनी सांभाळून घेतलं असतं, ट्यूबच खराब असेल असं काहीतरी म्हटलं असतं. त्यांनी तसं तोंडही उघडलं होतं.

"हे चेंबरमधलं सिलिकॉन आहे," मी म्हणाले. "एक रेघ लावा असं लिहिलं होतं. मी तीन लावल्या. ते सुटून जाळीवर बसलं, म्हणून दिवा लागत होता आणि थांबल्यावर जात होता. काका सांगतात तसंच झालं. काल दुसऱ्यांदा काटा चारवर गेला होता, मी तसंच आहे म्हणून खोटं सांगितलं. काका, तुम्ही काही म्हणू नका. चूक माझी आहे."